साखळीची लारी

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी आईला जेवायला वाढत होते. आष्टीच्या त्यांच्या गॅरेजमधून एरवी ते कधी फोन करत नसत. काही निरोप असला तर मुरलीदादाच करायचा, आणि मागून सलीमभाईंचा आवाज यायचा, "बाईंना सलाम सांगा." त्या दुपारी आवाज नुसता त्यांचाच होता. "बाई, सर गेले," एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "नगरला दवाखान्यात नेऊस्तोवर बोलत होते. चेनचंच बोलत होते..." फोन ठेवून मी आईला कसं सांगायचं याचा विचार करत उभी राहिले. पण नव्वदीतल्या माणसांना अशा वेळी फारसं सांगावं लागत नाही. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला आणि विचारलं, "मुरली?" मी मान हलवली. "माझ्या आधी?" ती म्हणाली.

मुरलीधर माझा मामेभाऊ. आष्टीच्या एका हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होता. त्याच्या हाताखालून गेलेले लोक तालुकाभर आहेत, आणि बहुतेकांना त्याचं एकच वाक्य आठवतं : "दिसतं तेवढंच काढायचं." पोरांनी मडक्याचं चित्र काढताना मागची न दिसणारी कडा दाखवली की तो खोडरबर पुढे करायचा. निवृत्तीनंतर असा माणूस निसर्गचित्रं काढेल असं मला वाटलं होतं. त्यानं त्याऐवजी गावी शेतात पत्र्याची शेड घातली आणि पहिल्या महायुद्धातली एक लष्करी लारी पुन्हा उभी करायला घेतली. तेव्हा ती लारी म्हणजे ओढ्यावर आडवा पडलेला एक गंजका सांगाडा होता. गावातले लोक त्याच्यावर पाय देऊन पलीकडच्या मळ्यात जात.

या वेडाचं कारण सांगायचं तर आमच्या आजोबांबद्दल सांगायला हवं. आबा, म्हणजे दादाच्या वडिलांचे आणि माझ्या आईचे वडील, त्या लढाईत लारीचे ड्रायव्हर होते. बसऱ्याला होते. परत आल्यावर रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडे लागले. त्याच्याकडेही लष्करातून बाद झालेली तसलीच एक लारी होती. ती घाटात कायमची मोडली तेव्हा ठेकेदारानं इंजिन आणि चाकं काढून नेली आणि उरलेला सांगाडा आबांना देऊन टाकला. आबांनी बैल जुंपून तो गावात ओढून आणला. लढाईतल्या लारीबद्दल ते जे सांगत त्यात एक गोष्ट नेहमी असायची. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना साखळीनं जायचा, सायकलीला असते तशा साखळीनं, दोन्ही बाजूंना एकेक. पुढे कितीतरी वर्षांनी गावात पहिली मोटार आली. पोरं धावत गेली, तिच्याखाली वाकून बघून आली. साखळी नव्हती. जाड लोखंडी दांडा होता. त्या दिवसापासून आबा गावात थापाडे ठरले. थट्टेतून एक शब्द तयार झाला, आणि तो त्या गावात अजून चालतो. कुणी काही फुगवून सांगायला लागलं की लोक म्हणतात, "लावली रं यानं साखळी!" गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडणार नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही.

आई तेव्हा लहान होती. पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "काय गं, आज तुझ्या बापानं कुठली साखळी लावली?" लग्न होऊन सासरी आली तर शब्द तिच्या आधी येऊन बसलेला. माझी आजी, म्हणजे तिची सासू, स्वभावानं वाईट नव्हती, पण आईनं काही सांगायला सुरुवात केली की हसून म्हणायची, "साखळी न्हाई ना ही?" आईनं आम्हा भावंडांना कधी गोष्ट सांगितली नाही. चिमणीची नाही, राजाराणीची नाही, स्वतःच्या लहानपणाचीही नाही. "झालं ते झालं," एवढ्यात तिचं सगळं आटपायचं. मी पुस्तकांत रमले, पुढे बीडला कॉलेजात ग्रंथपाल झाले, त्यामागे आमच्या घरातला हा शांतपणाही असेल.

दादानं मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आम्ही ओढ्याच्या काठाला बसलो होतो. "सुमे, आत्या आहे तोवर हे करायचं," तो म्हणाला. "आबा खरं बोलत होते का खोटं, ते मला माहीत नाही. पण जे असेल ते तिला दाखवायचं." खोटं निघालं तर काय, असं मी विचारलं. "तर तसंच सांगायचं." मला तेव्हा त्याची थोडी भीती वाटली. प्रेमानं सुद्धा न दिसणारी कडा तो काढणार नव्हता.

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला म्हणायचा, फक्त तो फोनवर होता. मी ग्रंथालयांमार्फत जुनी इंग्रजी पुस्तकं मागवायची, त्यातल्या लाऱ्यांची छायाचित्रं आणि आकृत्या त्याला पाठवायच्या. तो सांगाड्याची मापं घ्यायचा. सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्या पुढच्या बाजूला निमुळत्या होतात का सरळ जातात, कमानपाट्यांचे टेकू कुठे येतात, रिबिटांच्या रांगा कशा आहेत... एकेक कंपनीचं नाव तो खोडत गेला. मागच्या कमानपाट्यांच्या थोडं पुढे, दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला त्याला चार-चार भोकं सापडली. त्यांचं काय काम असावं ते पुस्तकातल्या आकृतीत होतं. आडव्या दांड्याची टोकं तिथून बाहेर येत आणि त्या टोकांवरच्या दातेरी चक्रांवर साखळी चढे. दादानं ही आकृती मोठी करून गावातल्या हॉटेलात नेऊन दाखवली. दगडूआप्पा तिथला कायमचा माणूस. त्याचा बाप मोटारीखाली वाकून आलेल्या पोरांतला. आप्पानं चहा संपवून कागद परत दिला. "सर, भोकं तर चाळणीलाबी असत्यात. साखळी दावा."

शेडच्या भिंतीवर दादानं चुन्याचा हात दिला होता आणि त्यावर पूर्ण आकाराची लारी काढली होती. सापडलेला भाग सलग रेघेनं, न सापडलेला टिंबांनी. सुरुवातीला सांगाडा सोडला तर सगळी लारी टिंबांचीच होती. सलीमभाई पहिल्यांदा बघायला आले तेव्हा बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हिला तर देवी आलेल्या हायत." पुढे दोघांचं असं जमलं की एकाला जेवायचा डबा आला की त्यात दुसऱ्याची भाकरी असायची. दादा माप सांगायचा, सलीमभाई हात चालवायचे, आणि दोघंही चुकायचे. एक जड दातेरी तुकडा कुणाच्या तरी गोठ्यात सापडला म्हणून दादा हरखून गेला. दोघांनी आठवडाभर तो घासून लख्ख केला. मग रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, तो उसाच्या चरकाचा आहे. सलीमभाई ती गोष्ट कधी विसरले नाहीत. पाव्हणा आला की सांगायचे, "आमची लारी लई भारी. पलटणीला रस पाजत जायची."

पुढचा कणा भानुदासच्या बैलगाडीला होता. भानुदास ऊसतोडीला जाणारा माणूस. दसरा झाला की गाडी, बैल, बायको सगळं घेऊन कारखान्यावर जायचा, आणि लारीचा कणाही सोबत जायचा. दादाला त्याची परत यायची वाट बघावी लागली. उन्हाळ्यात तो आला, दादानं त्याला नवा कणा करून दिला आणि जुना उतरवून घेतला. त्याच्यावर तीन रेघांची एक खूण ठोकलेली होती, पाखराच्या पावलासारखी. "ही कावून बघताय सर?" भानुदास म्हणाला. "आमचा बाप म्हणायचा, लोखंड वलं आसताना कोंबडी चालून गेलीया." ती खूण बाणाची होती. त्या काळच्या इंग्रज सरकारच्या लष्करी मालावर ती मारलेली असे. सांगाड्यावरचा गंज घासल्यावर तिथेही ती निघाली. म्हणजे लारी लष्करातली, हे नक्की झालं. भिंतीवर कण्याच्या दोन रेघा सलग झाल्या. इंजिन सलीमभाईंनी भंगारातून त्याच सुमाराचं मिळवलं, चाकं आणि दातेरी चक्रं दादाच्या आकृतीवरून ओतून घेतली. पण ती नवीनच होती, आणि दादानं ती भिंतीवर टिंबांचीच ठेवली.

एका उन्हाळ्यात आई माहेरी राहायला गेली होती, मीही सोबत होते. दादा हॉटेलातून परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. पुन्हा कुणीतरी चाळणी काढली असावी. शेडमध्ये येऊन तो भिंतीपाशी खडू शोधायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे मुरली. आबा म्हणायचेच, माझी साखळी मारुतीपाशी हाय. देव बघतोय सगळं."

दादा खडू शोधता शोधता वळला.

"आत्या, परत सांग. आबा काय म्हणायचे? त्यांच्याच शब्दात."

"माझी साखळी मारुतीपाशी हाय."

"मारुतीला माहीत हाय, असं नव्हते म्हणत? मारुतीची आण?"

"न्हाई बाबा. मारुतीपाशी हाय. कुणी लईच छळलं की तेवढंच म्हणायचे आन उठून जायचे."

हे वाक्य आईनं जन्मभर उराशी धरलं होतं. माणसं विश्वास ठेवत नसली तरी देवाला खरं काय ते ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ तिनं लावला होता, आणि गावानंही तसाच लावला होता. शपथ म्हणून कुणी ते खरं मानलं नाही इतकंच. पण दादा सांगितलं तेवढंच ऐकणारा होता. तो पायात चप्पल न घालताच निघाला.

मारुतीच्या देवळात घंटा आहे, आणि ती साखळीनंच टांगलेली आहे. साखळी वर तुळईभोवती फिरवून आणलेली. दरवर्षी जत्रेला देऊळ रंगवतात तेव्हा रंगाऱ्याचा एक हात तिच्यावरूनही फिरतो. इतक्या वर्षांच्या रंगानं ती जाड दोरासारखी दिसायची, कड्या वेगळ्या कळतच नव्हत्या. दादानं शिडी मागवली तेव्हा किसन गुरव धावत आला. "ओ सर, देवाच्या घंटीला हत्यार लावताय व्हय?"

"हत्यार नाही रे, ब्लेड आहे. एकच कडी खरवडतो."

"आन रंग कोण देणार परत?"

"ड्रॉइंग मास्तराला विचारतोस?"

खाली सलीमभाईंनी शिडी धरली होती. आई खांबाला टेकून बसली. हॉटेलातली माणसं एकेक करत आली, दगडूआप्पाही आला. वरून रंगाचे पापुद्रे पडायला लागले. चंदेरी, खाली शेंदरी, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा चंदेरी... कितीतरी जत्रा आमच्या पायांशी पडल्या. मग दादाचा हात थांबला. रुमालानं पुसून तो वाकून बघत राहिला.

"क्या है सर?" सलीमभाईंनी विचारलं.

"सायकलीची साखळी आहे," दादा म्हणाला.

देवळातल्या साखळ्या कडीत कडी अडकवलेल्या असतात. ही तशी नव्हती. दोन पट्ट्या, मधे गोल रूळ, आरपार खीळ. सायकलीचीच घडण, पण एकेक कडी माझ्या अंगठ्याहून लांब. पट्टीवर कोंबडीचं पाऊल होतं. दादानं सगळ्यांना एकेक करून शिडीवर चढवलं. दगडूआप्पा वर गेला, बोट फिरवून खाली आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आरं तिच्या... ल्हानपणापासनं वाजीवतोय की मी ही." कुणी हसलं नाही. सगळेच वाजवत आले होते. आबांची थट्टा करून परत जाताना सुद्धा वाजवली असेल.

आई वर चढू शकत नव्हती. दादा तिच्याजवळ येऊन बसला, गंजाची आणि रंगाची बोटं तिच्यासमोर धरली. तिनं त्यांच्याकडे बघितलं. "म्हंजी आबा आण घेत नव्हते," ती म्हणाली. "पत्ता सांगत होते."

मग त्यांनी लोकांना हाताला धरून आणून दाखवलं का नाही, असं मी विचारलं. आईला त्यात काही कोडं वाटलं नाही. सांगाड्यासोबत आलेली ती साखळी त्यांनी देवाला वाहिली असणार, आणि देवाला दिलेली वस्तू मिरवायची नसते, असं आबांचं होतं म्हणे. विचारलं तर सांगत होते. कुणी मान वर करून बघितलं नाही, तर त्याला ते काय करणार?

त्या संध्याकाळी आईनं शेडमध्ये आम्हाला बसऱ्याची गोष्ट सांगितली. लारीचं चाक वाळूत रुतलं की ताडपत्री अंथरून बाहेर काढायचे. साखळीत वाळू गेली की ती दात खाल्ल्यासारखी वाजायची, मग आबा ती उतरवून तेलात भिजत घालायचे. खजुराची पेंडी साहेबानं दिली होती, ती आबांनी जपून ठेवली आणि तिला मुंग्या लागल्या... ती सांगत होती आणि मधेच थांबून आमच्याकडे बघत होती. कुणी काही म्हणतंय का, हे बघत असावी. मग पुढे सांगत होती. माझी साठी तेव्हा उलटली होती, आणि आईच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली गोष्ट.

दादानं दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडू चालवला. देवळात जेवढ्या कड्या आहेत तेवढ्याच सलग काढल्या, बाकीची साखळी टिंबांचीच ठेवली. गावकऱ्यांनी आपण होऊन सांगितलं, घंटेला दुसरी साखळी घालू, ही तुम्ही न्या. दादानं आईला विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोकांचा हात लागतोय." तेव्हा त्यानं त्या कडीच्या मापावरून नव्या साखळ्या करून घ्यायचं ठरवलं. खरवडलेली कडी रंगवून द्यायला तो गेला, तर किसननंच त्याला नको म्हटलं. पुढच्या जत्रेला रंगाचं काम निघालं तेव्हा त्यानं तेवढ्या कडीला कागद गुंडाळला होता. हीच ती बसऱ्याची लारी का, असं लोक दादाला विचारू लागले. सहज हो म्हणता आलं असतं, ऐकणाऱ्यांनाही तेच हवं होतं. तो म्हणायचा, "हीच ती, असं म्हणता येत नाही. तसलीच एक, इतकं म्हणता येतं." आणि गावातला तो शब्द? तो काही गेला नाही. हॉटेलात अजून कुणी ना कुणी साखळी लावतंच. फरक एवढाच पडला, की आई समोर असली तर लोक जीभ चावायचे.

नव्या साखळ्यांना वेळ लागला. एकदा माप चुकलं, एकदा लोखंड नरम निघालं. मी शेवटची भेटले तेव्हा दादा शेडमध्ये खुर्चीवर बसून दातेरी चक्राला तेल देत होता. दम लागत होता. सलीमभाई त्याच्यावर ओरडत होते, "सर, बिनसाखळीच्या चक्राला किती तेल पाजता? ते काय बाळ हाय?" दादा हसला आणि पुन्हा पिचकारी हातात घेतली.

दहाव्याला गाव लोटला होता. विधी उरकून माणसं शेडमध्ये, लारीच्या आजूबाजूला बसली. जो तो दादाबद्दल काही सांगत होता. किसन गुरवाला बोलताना गहिवरून आलं. आईकडे बघत तो म्हणाला, "आजी, लई मास्तर बघितले. पण आमच्या सरांनी जन्मात कधी साखळी लावली न्हाई!"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. दगडूआप्पानं टोपी काढून पुन्हा घातली. किसनचा चेहरा बघवेना. आईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग लारीच्या रिकाम्या चक्राकडे.

"न्हाई रे लावली," ती म्हणाली. "तेवढीच ऱ्हायली लावायची."

क्षणभर कुणाला कळेना. पहिल्यांदा सलीमभाई हसले. मग आप्पा, मग सगळेच, डोळे पुसत. दहाव्याला एवढं हसलेलं मी कुठे बघितलं नाही. आईही हसत होती, पदर तोंडाशी न धरता.

गेल्या आठवड्यात साखळ्या आल्या. सलीमभाईंनी दोन्ही बाजूंच्या चढवल्या. आई खुर्चीवर समोर बसली होती. बरीच खटपट झाल्यावर इंजिन लागलं आणि लारी शेडच्या दारापर्यंत येऊन थांबली. साखळी खडखड वाजली. "वाळू न्हाई म्हणून, न्हाई तर याच्याहून वाजली असती," आई म्हणाली. सगळे लारीभोवती जमले तेव्हा मी आत गेले. लारी हलल्यामुळे भिंत पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती. खडू कोनाड्यात आहे. आता साखळी दिसते, तेव्हा टिंबं जोडायला हरकत नाही, असं सलीमभाई म्हणाले होते. मग तेच म्हणाले, "राहू द्या. सरांचं काम हाय ते."

टिंबं तशीच आहेत. देवळातल्या कड्यांपुढून ती सुरू होतात, मागच्या चाकाला वळसा घालतात आणि पुन्हा त्या कड्यांना येऊन मिळतात.